ऐकणाऱ्याच्या शेजारची माणसं

ओपन-बॅक हेडफोन एकट्याच्या जिवावर वापरता येत नाही. त्याच्या कपांची बाहेरची बाजू जाळीची असते. आत वाजणारं गाणं त्या जाळीतून खोलीत जातं, आणि खोलीतला पंखा, कुकर, शेजारच्यांचं बोलणं त्याच जाळीतून कानात येतं. तुम्हाला निवांत ऐकायचं असेल तर शेजारच्या माणसाला आधी शांत राहायचं कबूल करावं लागतं, वर तुमच्या हेडफोनमधून झिरपणारा आवाज सोसावा लागतो. माझ्याकडे गेली काही वर्षं असा एक हेडफोन आहे, फिलिप्सचा एसएचपी 9500. त्यावर मी गाणं ऐकते, सिनेमे बघते, भावाबरोबर गेम खेळते. तो माझ्या पगारातून घेतला, पावती माझ्या नावाची आहे. पण त्यावर ऐकलेल्या प्रत्येक तासात कुणाचा ना कुणाचा वाटा आहे, आणि त्याची नोंद पावतीवर नाही. ती इथे करते आहे.

पहिला वाटा आत्याचा. आमचं घर मिरजेचं. या गावात तंबोरा मैफलीत दिसायच्या आधी सतारमेकरांच्या दुकानात दिसतो; भोपळा एकीकडे, दांडी दुसरीकडे, खुंट्या अजून बसायच्या आहेत अशा अवस्थेत. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून भोपळे येतात, ते सुकवून, कापून त्यांवर तबली बसवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावाला ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांना मिळालेली पोच वाटली. गवई अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. 1937 मध्ये ते गेले, तेव्हा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गाणं होतं. त्या गाण्याला आत्या मला लहानपणापासून बरोबर न्यायची.

ती शाळेत शिक्षिका होती. गाणं मनापासून शिकली, पण बैठकीत कधी गायली नाही. तिच्या खोलीत काळी पाच पट्टीत लावलेला तंबोरा असे. दिवेलागणीनंतर ती तो मांडीवर घेई आणि मला समोर बसवी. "गाऊ नकोस. नुसतं ऐक. खर्ज छेडला की त्याच्या मागून कोण येतंय ते बघ."

मागून गंधार येतो. तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. पंचम, जोडीच्या दोन तारा आणि खर्ज, एवढ्याच चार. पण जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारी झणकार, नीट निघालेली असली आणि घोडीवरच्या तारेखालचा तो बारीक धागा, ज्याला जीवा म्हणतात, नेमक्या जागी सरकवलेला असला, तर खर्जाच्या तारेतूनच तिच्या पाचपट कंपनांचा स्वर स्वच्छ वर येतो. काळी पाचचा खर्ज साधारण 116.5 हर्ट्‌झचा. त्याची पाचपट 583 च्या आसपास जाते, आणि तो स्वर गंधाराचा असतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मला तो ऐकू येईपर्यंत आत्यानं कितीतरी संध्याकाळी तंबोरा धरला. "आला का गं?" असं विचारायची. मी मान हलवून नाही म्हटलं की जीवा केसभर सरकवायची आणि पुन्हा छेडायची. तिच्या आवाजात कधी घाई नसे. एके दिवशी तो आला, आणि त्यानंतर कधी हरवला नाही.

हेडफोनच्या हकिगतीत तंबोऱ्याला एवढी जागा देण्याचं कारण आहे. पुढे हेडफोन निवडायची वेळ आली तेव्हा ध्वनीचे आलेख वाचण्याची विद्या माझ्याजवळ नव्हती. हा गंधार होता.

2019 मध्ये मी पुण्यात नोकरीला होते. सदाशिव पेठेत दोघींनी मिळून एक खोली घेतली होती. माझी गरज साधी होती: काम संपल्यावर गाणं, रात्री एखादा सिनेमा, शनिवार-रविवारी बंगळुरूला असलेल्या धाकट्या भावाबरोबर गेम. तिन्हीसाठी मिळून एकच हेडफोन परवडणार होता, तोही दहा हजारांच्या आत, माइक वगैरे सगळं धरून.

या तिन्ही गोष्टींच्या मागण्या वेगवेगळ्या असतात. गेमला दिशा लागते. पाऊल डावीकडून आलं की मागून, जिन्यावरून आलं की भिंतीपलीकडून, हे कळायला हवं. सिनेमाला संवाद स्पष्ट लागतात आणि स्फोटाला, ढगांच्या गडगडाटाला थोडं वजन लागतं. गाण्याला सूर आहे तसा लागतो, कुठेही फुगवलेला किंवा घासलेला चालत नाही. तिन्हीकडे बऱ्यापैकी चालणारा हेडफोन बेताच्या पैशांत हवा असेल तर ओपन-बॅककडे वळावं, एवढं ऐकून होते. का वळावं, हे मला ज्यांनी समजावलं त्यांचा वाटा दुसरा.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून जवळच, एका जिन्याखाली त्या काकांचं दुरुस्तीचं दुकान होतं. जुने ॲम्प्लिफायर, टेपरेकॉर्डर, स्टुडिओंतून आलेले हेडफोन त्यांच्याकडे येत. नवा माल ते ठेवत नसत. मी इयरफोनची पिन बदलून घ्यायला गेले होते आणि सहज विचारलं, "काका, ओपन-बॅकमध्ये कुठला घेऊ?"

"ते मागाहून," ते म्हणाले. "आधी खोली सांगा."

मग एकेक प्रश्न आला. खोलीत आणखी कोण असतं? पंखा किती जोरात चालतो? खिडकी रस्त्याकडे आहे का? ऐकायची वेळ कोणती? आवाज लॅपटॉपमधून घेणार की मोबाइलमधून? चष्मा लावून ऐकणार का? शेवटचा प्रश्न मला कळला नाही. त्यांनी हेडफोनची गादी बोटानं दाबून दाखवली. गादी कडक असली आणि पट्टीची पकड घट्ट असली तर चष्म्याची काडी कानशिलात रुतते, आणि काडीच्या आजूबाजूनं फट पडून बास गळतो. बंद हेडफोनमध्ये ही फट फार नडते. उघड्यात कमी, कारण त्याचा बास मुळातच त्या बंदिस्तपणावर तेवढा अवलंबून नसतो.

मग त्यांनी एक उघडलेला कप माझ्यासमोर धरला. पडदा पुढे हलतो तेव्हा कानाकडे हवा ढकलतो, त्याच क्षणी मागे हवा ओढतो. म्हणजे जेवढा आवाज पुढे, तेवढाच मागे, फक्त उलट्या चालीचा. बंद कपात तो मागचा आवाज भिंतींवर आपटून फिरत राहतो, आणि तो नीट शोषून घ्यायला चांगला कप, चांगलं अस्तर, म्हणजे पैसा लागतो. स्वस्तात बनवलेल्या बंद हेडफोनमध्ये म्हणूनच गाणं घागरीत तोंड घालून म्हटल्यासारखं येतं. ओपन-बॅकमध्ये मागचा आवाज जाळीतून निघून जातो. त्यामुळे सूर मोकळा लागतो, वाद्यं एकमेकांपासून सुटी होतात, आणि आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा न वाटता कानाबाहेर थोडा पसरतो. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. खालचा बास ओसरतो, आणि आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो.

"ही युक्ती जुनी आहे," काका म्हणाले. जर्मनीतल्या झेनहायझरनं 1968 मध्ये एचडी 414 आणला. त्याआधीचे हेडफोन बहुतेक जड आणि बंद. हा हलका, उघडा, वर पिवळ्या स्पंजच्या गाद्या. तो पुढे एक कोटीच्या वर खपला. काकांकडे दुरुस्तीला आलेला एक होता. स्पंज झिजून नवा बसवला होता, आवाज अजून ठीक होता. त्या वस्तूकडे ते ज्या आदरानं बघत होते ते पाहून मला सतारमेकरांची आठवण झाली.

त्यांच्याकडे गिऱ्हाइकांचे हेडफोन होते, ते मालकांना विचारून मला ऐकायला देत. मी फोनमध्ये आत्याच्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन जायची. एक संध्याकाळ मला अजून तपशिलानं आठवते. त्यांनी बायरडायनॅमिकचा डीटी 990 प्रो लॅपटॉपला लावला. हा 250 ओहमचा, म्हणजे विजेला बराच अडवणारा. आवाज शेवटच्या खुणेपर्यंत नेला तरी तंबोरा लांबून, अशक्त ऐकू येत होता. मग त्यांनी तीच पिन टेबलावरच्या ॲम्प्लिफायरला लावली आणि बटण हळूहळू फिरवलं. खर्ज भरून आला, जोड स्थिर झाली. जवारीचा करकरीत किनारा मात्र कानाला लागायला लागला. काकांनी माझ्या कपाळावरची आठी बघितली. "टोचतेय ना? याचा वरचा पट्टा उचललेला आहे, आठ हजार हर्ट्‌झच्या आसपास. गेममध्ये पावलं ऐकायला हा छान. पण तुम्ही तंबोरा तासभर ऐकणार असाल तर दमाल."

मग एकेजीचा के 702 दिला. हा 62 ओहमचा, म्हणून मला वाटलं लॅपटॉपवर सहज चालेल. त्यांनी मान हलवली. ओहमचा आकडा अर्धी हकिगत सांगतो. उरलेली अर्धी संवेदनशीलता सांगते, म्हणजे दिलेल्या विजेत हेडफोन किती मोठा वाजतो ते. के 702 याबाबतीत कंजूष आहे, त्यामुळे आकडा लहान असूनही त्याला चांगला ॲम्प्लिफायर लागतो. एकेजीचेच जुने के 240, अर्धे उघडे, स्टुडिओतले, तेही तिथे होते. त्यांतले काही 600 ओहमचे, नंतरचे के 240 स्टुडिओ 55 ओहमचे. नाव तेच, आणि मागणी पूर्ण निराळी. "म्हणून नुसतं नाव ऐकून घ्यायचं नाही," ते म्हणाले. "तुमचे दहा हजार तीन ठिकाणी वाटले जाणार आहेत. हेडफोन, त्याला चालवणारी पेटी, आणि माइक. ज्याला पेटी लागत नाही असा घेतला तर एक खर्च वाचला."

झेनहायझरचा एचडी 599 ऐकला. 50 ओहम, मऊ गाद्या, गाणाऱ्याचा आवाज उबदार आणि जवळचा. तो माझ्या बजेटच्या वर होता. सॅमसनचा एसआर 850 बजेटच्या खूप खाली होता, पैशाच्या मानानं पुष्कळ देत होता, पण वरचे सूर कोरडे लागत होते. शेवटी काकांनी फिलिप्सचं नाव काढलं. 32 ओहम, पन्नास मिलिमीटरचा पडदा, संवेदनशीलता चांगली, लॅपटॉपच्या साध्या खाचेत पुरेसा मोठा वाजतो. गाद्या कापडी, कप मोठे, चष्म्यावर भार नाही. वायर सुटी होते, तुटली तर नवी टाकता येते. "बास हलका आहे. सिनेमातला स्फोट छातीत बसणार नाही. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. "गंधार येईल ना?"

"ते तुम्हीच ऐकून सांगा. माझ्याकडे तो नाही, ऑनलाइन मागवा."

एवढ्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी दिल्या, आणि जी वस्तू सुचवली तिच्यात त्यांना एक रुपया मिळणार नव्हता. पैसे घेतले ते पिन बदलल्याचे. हेडफोन आल्यावर मी तो त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी आधी डावं-उजवं तपासलं, मग वायर खाचेत बसवून हलवून बघितली, मग डोळे मिटून आत्याचा तंबोरा ऐकला. "सुरेख लागलाय," म्हणाले. ते त्यांनी तंबोऱ्याला म्हटलं. गंधार स्वच्छ आला होता. फुगलेला बास आपल्या वरच्या सुरांना झाकून टाकतो, आणि या हेडफोनमध्ये झाकणारं काही नव्हतं. ज्या हलक्या बासबद्दल काकांनी मला सावध केलं होतं, त्यानंच माझ्या गाण्याचं भलं केलं.

तिसरा वाटा रूममेटचा, आणि तो सगळ्यांत मोठा. ती बार्शीकडची, राज्यसेवेची तयारी करत होती. सुरुवातीला काही अडचण नव्हती. ती सकाळी अभ्यासिकेत जायची ती रात्रीच येई, आणि तोपर्यंत माझं ऐकणं आटोपलेलं असे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, अभ्यासिका बंद झाल्या, आणि एका खोलीत एकीचा अभ्यास आणि दुसरीची नोकरी, गाणं, गेम असं सगळं येऊन पडलं.

खरं तर ती मला सांगू शकली असती की बंद हेडफोन घे. तिचा तो हक्क होता. तिच्या आयुष्यातली महत्त्वाची परीक्षा पुढ्यात होती, माझा तो विरंगुळा. तिनं वेगळाच मार्ग काढला. दिवसभर खोली तिच्या अभ्यासाची. तेव्हा मी काही ऐकलं तर कानात घालायच्या साध्या इयरफोनवर. रात्री नऊनंतरचे दोन तास माझे. त्या वेळेसाठी तिनं अशी कामं राखून ठेवली जी थोड्या आवाजात होतात: नकाशे काढणं, वर्तमानपत्रांची कात्रणं लावणं, उत्तरांच्या वह्या तपासणं. आणि माझ्या तासांत ती पंखा एक घर कमी करायची. मी कधी मागितलं नव्हतं. एप्रिल-मेच्या पुण्यात पंखा कमी करणं म्हणजे काय ते पेठेतल्या पत्र्याखालच्या खोलीत राहिलेल्यालाच कळेल. तिनं एकदा बघितलं होतं की पंखा जोरात असला की मी आवाज वाढवते, आणि तेवढ्यावरून तिनं ठरवून टाकलं.

एका रात्री मी आत्याच्या तंबोऱ्यावर डोळे मिटून बसले होते. ती कात्रणं चिकटवत होती. म्हणाली, "ए, त्या चार सुरांच्या वर एक आणखी येतोय, तो कुठून येतो गं?"

मी हेडफोन काढला. तिला गाण्याची ओळख नव्हती, सूर-पट्टी काही माहीत नव्हतं. जाळीतून बाहेर झिरपणाऱ्या त्या पातळ आवाजातून तिनं गंधार पकडला होता. मला जो ऐकू यायला आत्याला इतक्या संध्याकाळी लागल्या, तो तिला पलीकडच्या टेबलावर, दुसऱ्याच्या हेडफोनमधून आपोआप सापडला. मी आत्याला लगेच फोन लावला. आत्या तिला म्हणाली, "तुझे कान चांगले आहेत बाळ. परीक्षा झाली की मिरजेला ये." माझा हेडफोन बंद असता तर हे झालंच नसतं. गळका म्हणून ज्याला नाव ठेवतात त्या जाळीनं आत्याचा तंबोरा त्या खोलीत दोघींचा करून ठेवला.

चौथा वाटा भावाचा. जून 2020 मध्ये व्हॅलोरंट हा गेम आला आणि आमचे शनिवार-रविवार त्यातच जाऊ लागले. त्याआधी आम्ही काउंटर-स्ट्राइक खेळत होतो. दिशा ऐकायला त्यानं मला शिकवलं. "ताई, खेळू नको. मी तुझ्याभोवती फिरतो, तू डोळे मिटून सांग मी कुठे आहे." तो गेममध्ये माझ्याभोवती हळूहळू चालायचा आणि मी डावीकडे, मागे, वरच्या मजल्यावर असं सांगत जायची. आत्याच्या आणि त्याच्या शिकवण्यात मला फार फरक दिसत नाही.

बाजारातल्या गेमिंग हेडसेटच्या खोक्यावर चहूबाजूंच्या आवाजाचा 7.1 असा मोठा आकडा असतो. भावानं मला त्याचा उलगडा केला. आत पडदे बहुधा दोनच असतात, बाकीची दिशा गणितानं तयार होते. उजव्या बाजूचा आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा आणि किंचित बारीक पोचतो, कानाच्या पाळीवर तो थोडा बदलतो, आणि त्या बारीक फरकांवरून मेंदू दिशा ओळखतो. हेच फरक गणितानं आवाजात घातले की दोन पडद्यांतूनही मागचं, वरचं ऐकू येतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये ही सोय 2016 पासून होती, व्हॅलोरंटमध्ये 2021 मध्ये आली. विंडोजमध्येही विंडोज सोनिक फुकट मिळतं. भावाचा नियम एकच होता: दोन्ही एकाच वेळी चालू ठेवायची नाहीत, कारण दिशेवर पुन्हा दिशा चढवली की सगळंच धूसर होतं. गेममध्ये सोय असेल तर विंडोजची बंद, सिनेमा बघताना विंडोजची चालू. साधा, चांगला स्टीरिओ हेडफोन या गणिताला पुरतो, आणि ओपन-बॅकमध्ये आवाज मुळातच पसरलेला असल्यानं ते जास्त पटतं.

माइकसाठी उरलेल्या पैशांत मी कॉलर माइक घेतला, कुर्त्याच्या गळ्याला लावायचा. ओपन-बॅकचा एक फायदा तेव्हा कळला. स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू येतो, त्यामुळे खेळताना माणूस ओरडत नाही. टेबलावर झोपी गेलेली रूममेट दचकून उठू नये, एवढ्या हलक्या आवाजात मी भावाशी बोलू शकत होते. आणि खोलीतलं सगळं मला कळत होतं. दूध उतू जायला आलं, दारावर कुणी आलं, तिनं हाक मारली, हे ऐकायला हेडफोन काढावा लागत नसे.

सिनेमाचं ऋण कुणा एकाचं नाही, पण एक रात्र सांगायला हवी. चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ 30 एप्रिल 2021 ला नेटफ्लिक्सवर आला. त्यात गाणं शिकणारा नायक रात्री मुंबईच्या मोकळ्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवतो आणि कानात माई नावाच्या गायिकेच्या जुन्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं ऐकतो. माई पडद्यावर दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात, मागे तंबोरा असतो. तो आवाज चित्रपट दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. सिनेमा घरोघरी पोचण्याच्या थोडेच दिवस आधी, 19 एप्रिलला, त्यांचं पुण्यात निधन झालं होतं. मी तो सिनेमा हेडफोनवर बघितला. माईंचा शब्द न् शब्द स्पष्ट आला, दोन शब्दांमधला श्वासही आला, आणि खालचा तंबोरा त्यात कुठे बुडाला नाही. काकांच्या भाषेत सांगायचं तर मधला पट्टा सरळ होता. माणसाचा आवाज तिथे असतो. बेताच्या पैशांत सिनेमासाठी हेडफोन निवडताना मी आता आधी हेच बघते. स्फोट हलके झाले तर चालतं, माणूस धूसर झाला तर चालत नाही. रूममेट त्या रात्री पलीकडे जागी होती. तिची पूर्वपरीक्षा कोविडमुळे पुढे जात जात अखेर 21 मार्चला झाली होती आणि ती निकालाची वाट बघत होती. पंखा तिनं तेव्हाही एक घर कमी केला होता.

नंतरच्या वर्षांत बेताच्या पैशांचा बाजार बदलला. झेनहायझरचा एचडी 560एस आला, 120 ओहमचा, दिशेला फार नेमका. हायफायमॅनचा एचई 400एसई आला. त्यात पडदा पातळ, सपाट आणि चुंबकांमध्ये ताणलेला असतो, त्यामुळे उघडा असूनही खालचा बास टिकतो. मात्र त्याला ॲम्प्लिफायर लागतो. आता कुणी विचारलं तर मी ही नावंही सांगते. माझा मात्र बदलला नाही. काकांनी दुकान आवरलं आणि ते मुलीकडे नाशिकला गेले. दिवाळीला मी फोन करते, आणि ते माझ्या तब्येतीच्या आधी हेडफोनच्या गाद्यांची चौकशी करतात. या हेडफोनच्या गाद्या चिकटवलेल्या असतात, सहज बदलता येत नाहीत, म्हणून घाम पुसून, कोरड्या करूनच ठेवायच्या ही त्यांची शिकवण मी पाळते.

रूममेट राज्यसेवेतून निवडली गेली. आता ती एका तालुक्याच्या गावी सरकारी क्वार्टरमध्ये असते. घरी नवरा आहे, सासूबाई आहेत, आणि वर्षाचं बाळ. मध्यंतरी तिचा फोन आला. "मला तुझ्यासारखाच हेडफोन घ्यायचाय. तोच, जाळीचा. रात्री थोडं गाणं ऐकीन म्हणते."

मन म्हणत होतं, घे. त्या हेडफोनवर माझ्याइतकाच तिचा हक्क होता. पण मी काकांचे प्रश्न विचारले. खोलीत कोण असतं? ऐकायची वेळ कोणती? बाळ कुठे निजतं? बाळ त्याच खोलीत निजत होतं, पलंगाला लागून. सासूबाईंची झोप सावध होती. म्हणून मी तिला जाळीचा घेऊ नकोस असं सांगितलं आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम40एक्स सुचवला. बंद कप, 35 ओहम, मोबाइलवर सहज चालणारा, मधला पट्टा सरळ.

"त्यात तो सूर येईल का?" तिनं विचारलं.

मी एका दुकानात जाऊन त्यावर आत्याचा तंबोरा ऐकला आणि मगच तिला उलट फोन केला. येतो. थोडा आत, थोडा जवळ, पण येतो. तिला सांगितलं, बाळ झोपल्यावर ऐक. आवाज अर्ध्याच्या वर नेऊ नकोस. आणि डाव्या बाजूचा कप कानामागे सरकवून ठेव, म्हणजे बाळ उठलं तर तुला कळेल. एका कानानं ऐकलंस तरी गंधार सापडेल. तुला तो पलीकडच्या टेबलावरूनही सापडला होता.